जिवंतपणी डोळे लाल

द्रोणागिरी, उरण
१० जून २०२४

श्रीमती अरुणा टिपणीस यांस,
सप्रेम नमस्कार.

माझं नाव सबिहा मुकादम. आपली ओळख नाही. मी बेलापूरला एका प्रयोगशाळेत काम करते, समुद्रातल्या लहान जिवांवर. गेल्या आठवड्यात तुमच्या घरी फोन केला होता, तो श्यामसुंदरकाकांनी घेतला. म्हणाले, ‘तिला ऐकू येत नाही. जे काय असेल ते कागदावर लिहून पाठवा. मेसेज ती बघत नाही, कागद वाचते.’ म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून मराठीत पत्र लिहिलेलं नाही, चूकभूल समजून घ्या.

पत्र तुमच्या मुलाविषयी, अभिरामविषयी आहे. अंटार्क्टिकाला असताना तो गोठलेल्या समुद्राला भोकं पाडून तळाशी पिंजरे सोडायचा. त्यात सापडलेले प्राणी बाटल्यांत भरून भारतात आले, बरेच दिवस कुठल्यातरी कपाटात राहिले आणि शेवटी माझ्या टेबलावर आले. त्यात एक प्राणी आहे, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. कोळंबीच्या लांबच्या नात्यातला. आमच्या पिरवाडीच्या किनाऱ्यावर ओलं शेवाळ उचललं की खाली वाळूत टणाटण उडणारे बारीक किडे दिसतात ना, तशी वाकलेली पाठ. त्याचे पाय, जबडे, मिशा एकेक सुट्या करून मी चित्रं काढली, जगभरातल्या जुन्या वर्णनांशी ताडून पाहिली. आता खात्री झाली आहे. हा प्राणी आजवर कोणीच नोंदवलेला नाही.

नवीन प्राण्याला नाव देण्याचा मान वर्णन करणाऱ्याचा असतो. मला त्याला अभिरामचं नाव द्यायचं आहे.

मी त्याला कधी भेटले नाही. पण प्रत्येक बाटलीत एक चिठ्ठी असते, पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई अल्कोहोलमध्ये उतरते. तारीख, जागा, खोली, एवढंच लिहायची पद्धत आहे. अभिराम शेवटी एक ओळ जास्तीची लिहायचा. एका बाटलीत आहे, ‘आज फार चावरे.’ या प्राण्याच्या बाटलीत आहे, ‘जिवंतपणी डोळे लाल. दारूत पांढरे होतील.’ तसे ते झाले आहेत. हा जीव जिवंत पाहिलेलं माणूस मला अभिरामशिवाय दुसरं माहीत नाही, त्यामुळे रंगाचं वर्णन मला त्याच्याच शब्दांवरून करावं लागणार.

लॅटिनच्या नियमाने पुरुषाच्या नावाला शेवटी ‘ई’ लागते. म्हणजे आधी वंशाचं नाव, आणि मग ‘अभिरामी’. तुमची परवानगी असेल तरच.

आपली,
सबिहा

•

जुईनगर
१९ जून २०२४

चि. सबिहा,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे, तेव्हा बाकीची चूकभूल माफ. अभिरामी हे तर मुलीचं नाव झालं. त्याला कळलं तर हसेल.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. उभं आयुष्य कानाला लोकांचे आवाज लावून बसले. निवृत्त झाले आणि आधी डावा कान गेला, मग उजवा. अभिराम दिसेनासा झाला तेव्हा उजव्यात थोडं शिल्लक होतं. (लोक ‘गेला’ म्हणतात. मी म्हणत नाही.) आता काहीच नाही. कुकरची शिट्टी झाली हे वाफेवरून कळतं. घरात पाटी ठेवली आहे, हे त्यावर लिहितात.

पण एक आवाज येतो. दाराचा. अभिराम बेल वाजवत नसे. बोटांच्या पेरांनी दार वाजवायचा, दोनदा सावकाश आणि मग एकदा मागाहून, विसरलेलं आठवल्यासारखं. ते मला ऐकू येतं. भाजी चिरताना येतं, ह्यांचं जेवण चालू असताना येतं. मी उठून दार उघडते. जिना रिकामा असतो. कानाचे डॉक्टर म्हणाले, कान गेले की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो. करत असेल. पण मेंदूला दुसरा कुठला आवाज का सुचू नये? मी हजारो माणसांचे आवाज ऐकलेत.

कसं घडलं ते तुला माहीत असेलच. त्याच्याबरोबर कुलदीप नावाचा मेकॅनिक होता. परत आल्यावर तो मुद्दाम आमच्याकडे आला, समोर बसून मला सगळं लिहून दाखवलं. दोघं पिंजरा बघायला समुद्राच्या बर्फावर गेले होते. कुलदीप दोर आणायला गाडीकडे वळला. परत बघतो तर मध्ये काळं पाणी. बर्फाचा मोठा तुकडा सुटून चालला होता आणि त्यावर अभिराम उभा होता. त्याने हात वर केला. मग वारा उठला, बर्फाची पूड उडाली आणि काही दिसेना. वारा थांबल्यावर हेलिकॉप्टर फिरलं. काही सापडलं नाही.

सगळे मला सांगतात, समजून घ्या. मी समजले आहे ते एवढंच: त्याला पडताना कोणीही पाहिलेलं नाही. उभा असलेला पाहिला.

म्हणून विचारते. अशी नावं मेलेल्या माणसांचीच देतात का? तसं असेल तर माझी परवानगी नाही. आणि त्या प्राण्याविषयी अजून लिही. कसा राहतो, काय खातो.

अरुणा टिपणीस

•

द्रोणागिरी
२८ जून २०२४

अरुणाकाकू,
सप्रेम नमस्कार.

नाही, जिवंत माणसांचीही देतात. माझ्या एका सरांच्या नावाचा खेकडा आहे आणि सर रोज सकाळी नेरूळला चालायला जातात. शोधनिबंधात नावाखाली एक ओळ लिहायची असते, नाव कशावरून दिलं त्याची. मी लिहिलंय: ‘हे नाव नमुने गोळा करणारे अभिराम टिपणीस यांच्यावरून.’ ‘स्मरणार्थ’ असा शब्द त्यात नाही, आणि तुमची इच्छा नसेल तर तो येणार नाही.

तो कसा राहतो म्हणून विचारलंत. वर माणसाच्या उंचीएवढा बर्फ, खाली काळं पाणी. तिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्यच नसतो. पाणी इतकं थंड की सगळं सावकाश चालतं. आपल्याकडचे असे जीव काही महिने जगतात, हे बरीच वर्षं जगत असावेत. वरून तळाशी जे पडेल त्यावर त्यांचं भागतं.

तुम्ही दाराविषयी लिहिलंत म्हणून सांगते. दिवसभर सूक्ष्मदर्शकात बघून मान वर केली की मला भिंतीवर तोच वाकलेला आकार दिसतो, दूधपांढऱ्या डोळ्यांचा. आणि अभिरामच्या चिठ्ठ्या वाचताना आवाज येतो. जो मी कधी ऐकलेला नाही, त्याचा. अम्मी म्हणते, ‘नजर उतरवून घे.’ मी हसण्यावारी नेलं, पण तिने मिरच्या ओवाळल्या तेव्हा गप बसून राहिले.

तुमची,
सबिहा

•

जुईनगर
२ सप्टेंबर २०२४

चि. सबिहा,
अनेक आशीर्वाद.

परवानगी आहे. आनंदाने आहे.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. त्याची झेरॉक्स काढून आणली. ह्यांना दाखवली, माझ्या भावाला पाठवली, सोसायटीच्या सेक्रेटरींना दिली. इतके दिवस मी एकटीच बोलत होते, आता तुझा कागद आहे. शास्त्र शिकलेलं माणूस शब्द उगाच वापरत नाही आणि उगाच गाळतही नाही. तुला त्या चिठ्ठ्यांतून काही जाणवलं असणार, म्हणूनच तू ‘स्मरणार्थ’ लिहिलं नाहीस. मी तुला त्यावर खोदून विचारणार नाही.

सेक्रेटरींना का दिली ते सांगते. आमची बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत. सगळ्यांनी सह्या केल्या. ह्यांनीही केली. माझी राहिली आहे आणि ती मी करणार नाही. ज्याला जिथे भाड्याने जायचं तिथे जावं. अभिराम दहावीत असताना आम्ही इथे आलो. हेच दार त्याला माहीत आहे. हे दार पाडलं तर तो वाजवणार कशावर?

सेक्रेटरी खाली मान घालून वाचत होते. मग म्हणाले असावेत काहीतरी, ओठ हलले. मी पाटी पुढे केली तर नुसतेच हात जोडून गेले.

गणपतीला ये. तुझ्या अम्मीलाही आण.

तुझी,
अरुणाकाकू

•

तळवली, घणसोली
१८ नोव्हेंबर २०२४

सौ./कु. सबिहा मुकादम यांस,
स. न. वि. वि.

मी श्यामसुंदर टिपणीस. आपण गणपतीला आला नाहीत, कामाचं कारण कळवलंत. आला असता तर हे तोंडी बोलता आलं असतं. अरुणाच्या नकळत लिहीत आहे.

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होतो. अपघात झाला की तो का आणि कसा झाला याचा रिपोर्ट लिहिणं हे माझं काम. अभिरामच्या वेळचा चौकशीचा रिपोर्ट मी वाचलेला आहे. तो तुकडा दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरला दिसला होता. फुटलेला. वर कोणी नव्हतं. त्या पाण्यात माणूस किती तग धरतो हेही त्यात आहे. अरुणाला मी फक्त ‘काही सापडलं नाही’ एवढंच सांगितलं. तेव्हा तेच बरं वाटलं.

सध्याची परिस्थिती अशी. बिल्डिंग रिकामी झाली आहे. मी तळवलीला भाड्याने खोल्या घेतल्या, सामान हलवलं. ती आली नाही. चार मजल्यांच्या जिन्याला आता एकही दार उघडं नाही, फक्त आमचं. खिडक्यांच्या चौकटी लोक काढून नेत आहेत. पाणी माझ्या विनवणीवर अजून सोडतात. मी रोज डबा घेऊन जातो. जाताना दाराची किल्ली वापरतो. वाजवत नाही. एकदा विसरून वाजवलं, तिला ऐकू येत नाही हे माहीत असून, आणि दार तत्क्षणी उघडलं. ती हसत होती. मला पाहून तिचा चेहरा जसा पडला तसा मी पुन्हा पाहू शकणार नाही.

ज्यांचा देह मिळत नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी देतात. मी पाटीवर लिहिलं, ‘आता करू या. मी थकलो.’ तिने खाली लिहिलं, ‘सबिहाला विचारा.’

आपण दयेपोटी एक शब्द गाळलात. मीही दयेपोटीच गप्प राहिलो, त्यामुळे आपल्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण ती माझं आता मानणार नाही. आपलं मानेल.

आपला,
श्यामसुंदर टिपणीस

•

द्रोणागिरी
१ डिसेंबर २०२४

अरुणाकाकू,
सलाम आणि नमस्कार.

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही. दोनतीनदा लिहून फाडलं.

मला चिठ्ठ्यांतून काहीही जाणवलेलं नाही. ‘स्मरणार्थ’ मी लिहिलं नाही कारण तुम्ही नको म्हणालात. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. अभिराम जिवंत आहे असं मला एकदाही वाटलेलं नाही. जगात कोणाही शास्त्रज्ञाला वाटणार नाही.

आणि तुम्ही विचारलं होतंत, तो काय खातो. मी लिहिलं, तळाशी जे पडेल ते. ते खरं आहे, पण अर्धं. हे जीव मेलेलं खातात. सील मेला, मासा मेला, की वासावर लांबून येतात, हजारोंनी, आणि थोड्या वेळात हाडं स्वच्छ करतात. त्यांचे जबडे तेवढ्यासाठीच बनलेले आहेत. मी ते जबडे सुटे करून चित्रं काढली आहेत, मला माहीत आहे. पिंजऱ्यात मांसाचा तुकडा बांधूनच त्यांना धरतात.

माझ्याकडच्या शेवटच्या बाटलीतली चिठ्ठी अभिरामच्या अक्षरात नाही. किनाऱ्याजवळ एक पिंजरा त्याने आधी सोडला होता, तो वारा थांबल्यावर दुसऱ्यांनी वर काढला. त्या बाटलीत हाच प्राणी सगळ्यात जास्त आहे. याचा अर्थ काही लागतो असं मी म्हणत नाही. ते तिथे नेहमीच असतात. पण त्या बाटलीला हात लावताना मी तुमचं नाव मनात घेते, आणि तरी हे तुम्हाला सांगितलं नाही. आता सांगितलं.

माझे अब्बा, शौकत मुकादम, मालवाहू जहाजावर खलाशी होते. मी पाचवीत असताना जहाज आफ्रिकेजवळ वादळात बुडालं. काही जण वाचले, काहींचे देह मिळाले, अब्बांचं काहीच नाही. आमच्यात नवरा गेल्यावर बायकोने काही महिने घरात बसायचं असतं. अम्मी बसली नाही. म्हणाली, बसले तर मेला असं होईल. आमच्या घरात त्यांचं ताट वाढलं जायचं. मी आणि माझा भाऊ रायान त्या ताटासमोर बसून जेवायचो आणि मोठ्याने हसायची भीती वाटायची, कारण ते आले तर त्यांना वाटेल, मी नसताना हे हसतात. असं घर कसं असतं ते मला माहीत आहे, आणि तरी मी तुमचं तसं करायला हातभार लावला.

निबंध तपासणाऱ्यांनी विचारलंय, नमुने गोळा करणारे हयात आहेत का, नसल्यास तसं लिहा. मला ‘दिवंगत’ लिहावं लागेल. तुम्ही नको म्हणालात तर नावच बदलेन. पण नाव ठेवलं तर खोटं लिहिणार नाही.

सबिहा

•

जुईनगर
२० डिसेंबर २०२४

सबिहा,

तुझी तिन्ही पत्रं परत पाठवत आहे. झेरॉक्स फाडल्या.

तू माझ्याशी खरं बोललीस की आधी खोटं, हे मला ठरवता येत नाही. मेलेलं खाणाऱ्या किड्याला माझ्या मुलाचं नाव देऊ नकोस. यापुढे लिहू नकोस.

अरुणा टिपणीस

•

तळवली
११ मार्च २०२५

चि. सबिहा,

लिहू नकोस म्हटलं आणि तू लिहिलं नाहीस. तुझ्याऐवजी तुझी आई आली. तुला तिने सांगितलं का, मला माहीत नाही. न सांगता आली असावी, कारण पिशवीत बाजाराची भाजी होती.

जानेवारीतली दुपार. मी दार उघडंच ठेवून समोर बसले होते. जिन्यावर धूळ, विटांचे तुकडे. त्यातून एक बाई पायरी-पायरीवर थांबत वर आली. मी ओळखलं नाही. तिने छातीवर हात ठेवून सांगितलं, ‘साबिरा.’ ओठांवरून ‘सबिहा’ वाटलं. मी म्हटलं, सबिहा नको. तरी ती आत आली.

मी पाटी दिली. तिने उर्दूत लिहिलं. मी परत दिली, मला येत नाही. मग दोघी तशाच बसलो. घरात एक चटई आणि स्टोव्ह. मी चहा केला. तो पिताना मला दार वाजलेलं ऐकू आलं. दार तर उघडंच होतं, तरी आलं. दोनदा सावकाश आणि एकदा मागाहून. मी उठले. साबिरा पण उठली. आजवर मी उठले की हे मान खाली घालतात, शेजारचे एकमेकांकडे बघतात. ती माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आली, कठड्यावरून वाकून खाली बघितलं, चांगलं निरखून. कोणी नाही असं खुणेनेसुद्धा म्हणाली नाही. परत येऊन चटई ओढून दाराशी घेतली आणि तिथेच बसली, माझी जागा सोडून.

बऱ्याच वेळाने माझ्याकडे तोंड करून बोलली. सावकाश बोलली, म्हणून कळलं. ‘कडी कंदी लावली नाय मी. इतकी वर्सं. चोर दोनदा आयला. तो नाय आयला.’

मी हसले. किती दिवसांनी हसले देव जाणे. तीही हसली. मग मला रडू फुटलं ते थांबेना. ती उठली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. बसून राहिली. ऊन उतरलं तशी तिने भाजीची पिशवी उचलली आणि दुसऱ्या हाताने माझा स्टोव्ह उचलला. चला म्हणाली नाही. स्टोव्ह घेऊन जिना उतरायला लागली. स्टोव्हच्या मागे मला जावंच लागलं. कुलूप मी लावलं.

रिक्षाने तिने मला तळवलीला सोडलं. ह्यांनी दार उघडलं तर समोर आम्ही दोघी. ह्यांनी पाटीवर लिहिलं, ‘जेवलीस का?’

सह्या केल्या. बिल्डिंग पाडताना बघायला गेले नाही.

गेल्या महिन्यात खाडीकाठी पालाशविधी केला. पळसाच्या पानांचा देह, डोक्याच्या जागी नारळ. तो देह उंचीला बराच कमी होता. मी भटजींना सांगितलं, अजून पानं लावा, तो ह्यांच्यापेक्षा उंच आहे. त्यांनी लावली.

मग अग्नी दिला आणि मी बघत उभी राहिले. अग्नीने ती पानं खाल्ली. खाल्लीच म्हणायला हवं. आपण अग्नीला तूप वाढतो, तो जेवावा म्हणून, आणि हात जोडतो. मग तुझ्या त्या दाण्याएवढ्या जिवांवर मी का रागावले? जिथे माझा मुलगा गेला तिथे लाकूड नाही, भटजी नाही, आई नाही. जे होते ते आले. वासावर आले असतील, पण आले. मला इतके दिवस सगळ्यात जास्त काय छळत होतं ते तेव्हा कळलं. तो एकटा उभा होता, हे. आता वाटतं, त्याच्याजवळ कोणीतरी गेलं.

दार अजून वाजतं. इथल्या दारावरही वाजतं. कधी उठते, कधी नाही.

त्याचंच नाव दे. दिवंगत लिही. तू परत पाठवायला लावलेली पत्रं (मीच पाठवली, पण लावलीस तू) मला परत दे. आणि तो प्राणी मला बघायचा आहे. हेही येतील. त्यांना मी विचारलेलं नाही, पण येतील.

तुझी,
अरुणाकाकू

•

तळवली
७ एप्रिल २०२५

चि. सबिहा,
आशीर्वाद.

परवा आपल्या प्रयोगशाळेत माझ्याकडून जे झालं त्याबद्दल क्षमा मागण्यासाठी लिहीत आहे.

माझा अंदाज होता की अरुणा बराच वेळ बघेल आणि मला तिला आवरावं लागेल. तिने डोळा लावला, थोडं बघितलं, आपल्याला म्हणाली, ‘सुबक आहे,’ आणि साबिराताईंजवळ जाऊन बसली. त्या दोघींचं काहीतरी चाललेलं असतं. एकीला ऐकू येत नाही, दुसरी थांबत नाही. मग आपण मला म्हणालात, ‘काका, या.’

मी आयुष्यभर तपासण्या केल्या. वाटलं, दोन मिनिटं बघून बाजूला होईन. पण डोळा काढता येईना. काढला असता तर माझा चेहरा आपण सर्वांनी पाहिला असता. अभिराम गेल्यापासून कागदपत्रं, चौकशी, भाड्याची खोली, भटजी, सगळं मी पाहिलं. मधल्या काळात मला रडायचं राहून गेलं होतं. ते तिथे, आपल्या यंत्रावर वाकलेल्या अवस्थेत झालं. आपण शेजारच्या मुलीला काहीतरी काम सांगून बाहेर पाठवलंत आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहिलात. ते माझ्या लक्षात आलं. यंत्राची काच ओली झाली होती, मी रुमालाने पुसली. तसं करायचं नसतं हे घरी आल्यावर आठवलं. काही बिघडलं असल्यास कळवावं.

आता विनंती. आपण समजावून सांगितलंत की जातीचं नाव एका निवडलेल्या नमुन्यावर राहतं, तो एकटा वेगळ्या बाटलीत कायमचा जपतात, आणि पुढेमागे कोणालाही शंका आली तर तोच काढून बघतात. आपण त्यासाठी एक मादी निवडली आहे. तीच मला दाखवलीत. तिच्या पोटाखाली पाकळ्यांची झोळी होती आणि झोळीत पिल्लं, दाटीवाटीने, सगळी एका दिशेला तोंड करून. आपण म्हणालात, वर्णनासाठी ती बाहेर काढून मोजायची असतात.

नियमच असेल तर माझं काही म्हणणं नाही. इतर माद्यांची मोजावी. पण अभिरामचं नाव जिच्यावर राहणार आहे, तिची पिल्लं तिच्याजवळच ठेवता आली तर पाहावं.

हे अरुणाने लिहायला सांगितलेलं नाही. मीच विचारतो आहे.

आपला,
श्यामसुंदर टिपणीस